एकाच घरातले दोन छेद : यकृत प्रत्यारोपणानंतरच्या हर्नियाची दुर्बिणीतून दुरुस्ती

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पिठाची गिरणी चालवणारे ५४ वर्षांचे गृहस्थ पत्नीसह तपासणीसाठी आले होते. त्यांच्या उजव्या बरगडीखाली नारळाच्या करवंटीएवढा फुगवटा होता आणि खोकला आला की तो आणखी पुढे येत असे. तीन वर्षांपूर्वी त्यांचे यकृत प्रत्यारोपण झाले होते आणि यकृताचा उजवा भाग दिला होता तो शेजारी बसलेल्या पत्नीनेच. तपासणी संपत आली तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टर, आमचं दोघांचं ऑपरेशन एकाच दिवशी, एकाच हॉस्पिटलात झालं. कापलंयही सारखंच. माझा टाका कसा दोऱ्यासारखा बसलाय. मग ह्यांचाच का उकलला?"

रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून हे प्रकरण मी लिहीत आहे, आणि ते लिहावेसे वाटण्याचे कारण या बाईंचा प्रश्न हेच आहे. दोघांच्या पोटावरचा छेद खरोखरच एका साच्यातला होता : छातीच्या हाडाच्या टोकापासून मध्यरेषेत खाली आणि तिथून उजव्या कुशीकडे वळलेला, इंग्रजी 'जे' अक्षर काढावे तसा. दोऱ्याची जातही बहुधा एकच असावी. फरक होता तो ज्या पोटावर टाके घातले त्या पोटात.

पत्नी शस्त्रक्रियेच्या दिवशी धडधाकट होत्या. दात्याची निवडच मुळी सर्व तपासण्या निर्दोष आल्यावर होते. यजमानांचे तसे नव्हते. मेदयुक्त यकृतातून सिरॉसिस झालेला, त्यात मधुमेह, पोटात पाणी भरलेले, हातापायांच्या काड्या झालेल्या आणि रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन जेमतेम २.४. ज्या शरीराकडे जखम भरण्यासाठी लागणारी प्रथिनेच शिल्लक नव्हती, त्या शरीरावर हा मोठा छेद घेतला गेला. पुढे अकराव्या दिवशी यकृताखाली साठलेले रक्त काढण्यासाठी तोच छेद पुन्हा उघडावा लागला. तिसऱ्या आठवड्यात शरीराने नवे यकृत नाकारण्याची लक्षणे दिसली म्हणून स्टेरॉइडचे मोठे डोस शिरेतून द्यावे लागले. शरीराने यकृत नाकारू नये म्हणून रोज घ्यायच्या टॅक्रोलिमस या औषधामुळे मूत्रपिंडावर ताण येऊन क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) १.९ वर गेले, तेव्हा चौथ्या महिन्यात टॅक्रोलिमसचा डोस निम्मा करून जोडीला एव्हरोलिमस हे त्याच कामाचे दुसरे औषध सुरू करण्यात आले. यातला एकही निर्णय चुकीचा नव्हता. प्रत्येक निर्णय यकृत आणि मूत्रपिंड वाचवण्यासाठी घेतला होता आणि दोन्ही वाचलीही. मात्र प्रत्येकाची थोडी थोडी किंमत पोटाच्या भिंतीने मोजली.

एव्हरोलिमसविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. ते ज्या सिरोलिमसचे भावंड आहे, ते औषध ईस्टर बेटावरच्या मातीतील जिवाणूपासून मिळाले आणि त्या बेटाच्या रापा नुई या स्थानिक नावावरूनच त्याला रापामायसिन म्हणतात. ही औषधे पेशींची वाढ आणि विभाजन रोखतात, म्हणून प्रतिकारशक्तीच्या पेशी आटोक्यात राहतात. परंतु जखमेत कोलॅजनचे धागे विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींनाही वाढावेच लागते आणि औषधाला हा भेद कळत नाही. छेद बाहेरून कोरडा आणि बंद दिसतो, आत मात्र वीण कच्ची राहते. त्यात प्रत्यारोपणानंतर भूक परतली, स्टेरॉइडने ती आणखी वाढवली आणि ५९ किलोंचे गृहस्थ दोन वर्षांत ८३ किलोंवर गेले. घरी त्याचा आनंदच होता, कारण इतकी वर्षे जेवण जात नसलेल्या माणसाला आता चारी ठाव जेवताना पाहणे हीच त्या घरात बरे झाल्याची खूण होती.

यकृत प्रत्यारोपणानंतर छेदाचा हर्निया होणे, म्हणजे जुन्या छेदाची वीण सुटून त्या भोकातून पोटातले अवयव बाहेर फुगणे, विरळ नाही. वेगवेगळ्या केंद्रांनी प्रसिद्ध केलेले प्रमाण सुमारे ५ टक्क्यांपासून ३० टक्क्यांच्या पुढेपर्यंत आढळते. एवढी तफावत पडते ती पाठपुरावा किती वर्षांचा आणि हर्निया हाताने शोधला की सीटी स्कॅनने, यावरून. यजमानांना तो नवव्या महिन्यात प्रथम जाणवला. त्यांनी पट्टा आणला, गिरणीत पोती उचलणे मुलाकडे सोपवले आणि दोन वर्षे तशीच काढली.

ती दोन वर्षे संपली ती एका रात्री. फुगवटा दगडासारखा कडक झाला, उलट्या सुरू झाल्या. गावातल्या एका दवाखान्यात त्यांना कळ थांबवण्यासाठी डायक्लोफेनॅकची इंजेक्शने दिली गेली. पहाटे फुगवटा आपोआप आत गेला, पण तीन दिवसांनी क्रिएटिनिन २.३ निघाले. टॅक्रोलिमस घेणाऱ्या माणसाला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गटातली वेदनाशामके देणे म्हणजे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा दोन्ही बाजूंनी आवळणे आहे. रुग्णाच्या पाकिटात प्रत्यारोपणाचे कार्ड होते, परंतु ते कोणी मागितले नाही आणि कळा येत असताना त्यांनाही ते काढायचे सुचले नाही. अशा प्रत्येक कुटुंबाला मी आता एक वाक्य पाठच करायला सांगतो : "यकृत बदललेलं आहे, दुखण्याचं कोणतंही इंजेक्शन विचारल्याशिवाय देऊ नका."

आतडे एकदा अडकून सुटले म्हणजे ते पुन्हा अडकू शकते आणि दर वेळी सुटेलच असे नाही. त्यामुळे शस्त्रक्रिया करायची हे ठरले. कधी आणि कशी, हे ठरायला दहा आठवडे गेले.

शिरेतून रंगद्रव्य न देता सीटी स्कॅन केला, कारण मूत्रपिंडाला आणखी धक्का द्यायचा नव्हता. छेद जिथे मध्यरेषेतून उजवीकडे वळतो नेमक्या त्या कोपऱ्यावर ७ सेंमी रुंद आणि ६ सेंमी उंच भोक होते. हा कोपरा मुळातच दुर्बळ असतो, कारण उभ्या आणि आडव्या छेदाच्या बेचक्यातल्या ऊतींना रक्त कमी पोहोचते. युरोपियन हर्निया सोसायटीच्या २००९ च्या वर्गीकरणात ४ ते १० सेंमी रुंदीचे भोक मधल्या गटात येते. सोनोग्राफीत प्लीहा (पाणथरी) अजून वाढलेलीच, १४ सेंमी होती आणि प्लेटलेट कमी, ९२ हजार. नवे यकृत उत्तम चालत असले तरी जुन्या आजाराच्या या खुणा लगेच पुसल्या जात नाहीत.

मोठा छेद पुन्हा उघडून स्नायूमागे जाळी, म्हणजे पोटाच्या भिंतीला आधार देणारे कृत्रिम जाळीदार कापड, बसवणे हा एक मार्ग होता. त्यात जाळी आतड्यांपासून दूर राहते आणि पोटाची भिंत पुन्हा नीट बांधता येते. परंतु त्यासाठी दोनदा उघडलेल्या, रक्तपुरवठा उणा असलेल्या त्याच कातडीखाली लांबवर थर सोडवावे लागतात, आणि नेमक्या अशाच जागी प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाची जखम पिकते. पिकलेल्या जखमेत जाळी असली तर तो संसर्ग महिनोन्महिने सरत नाही आणि कधी कधी जाळीच काढावी लागते. छेदाच्या हर्नियाची दुर्बिणीतून दुरुस्ती अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या लब्लँक आणि बूथ यांनी १९९३ साली पाच रुग्णांच्या आधारे प्रथम मांडली. तेव्हापासून या पद्धतीचा सर्वांत भरवशाचा फायदा जो दिसत आला आहे तो जखमेच्या संसर्गात. लोकांना दुर्बिणीचे आकर्षण वाटते ते व्रण लहान राहतात आणि लवकर घरी जाता येते म्हणून. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या बाबतीत मी या दोन्ही गोष्टींना फारसे वजन देत नाही. जुन्या छेदाला वरून हात न लावता, दूरच्या निरोगी कातडीतून आत जाऊन, जाळी आतून लावता येते, एवढे एकच कारण मला पुरेसे वाटते.

या मार्गाची उणी बाजूही त्यांच्यापुढे ठेवली. जाळी पोटाच्या पोकळीत, आतड्यांच्या सान्निध्यात राहते. पुढेमागे यकृत पुन्हा बदलण्याची वेळ आली, तर ती त्या शल्यचिकित्सकाच्या वाटेत येईल. म्हणून त्यांच्या प्रत्यारोपण केंद्राशी बोलल्याशिवाय पुढे जायचे नाही असे ठरवले. यकृत स्थिर आहे, पुन्हा बदलावे लागेल अशी चिन्हे नाहीत, असे केंद्राने लेखी कळवले तेव्हाच दुर्बिणीचा निर्णय पक्का केला. भोक १० सेंमीपेक्षा बरेच मोठे असते, आतडी पिशवीतच नांदायला लागली असती किंवा वरची कातडी पातळ होऊन झिजलेली असती, तर मी हा मार्ग सुचवला नसता.

दुसरा निर्णय औषधांचा होता आणि तो आम्ही तिघांनी मिळून घेतला : यकृततज्ज्ञ, मूत्रपिंडतज्ज्ञ आणि मी. शस्त्रक्रियेच्या सहा आठवडे आधी एव्हरोलिमस बंद करायचे, त्या काळात टॅक्रोलिमस वाढवून नकाराचा धोका टाळायचा आणि मूत्रपिंडावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे. दर आठवड्याला सकाळचा डोस घेण्याआधी, म्हणजे आदल्या रात्रीच्या डोसानंतर बारा तासांनी, रक्त घेऊन टॅक्रोलिमसची पातळी पाहिली. ती ६ ते ७ च्या दरम्यान राहिली, क्रिएटिनिन १.५ वर स्थिरावले. याच अवधीत त्यांनी वजन ८३ वरून ७७ किलोंवर आणले आणि तंबाखू सोडली. वजनाचे श्रेय पूर्णपणे पत्नीकडे जाते. रात्रीचा भात बंद करून भाकरी मोजून वाढताना त्यांनी कोणाच्याही वशिल्याला दाद दिली नाही.

शस्त्रक्रियेच्या सकाळी टॅक्रोलिमसची गोळी घोटभर पाण्याबरोबर नेहमीच्या वेळी दिली. पोट रिकामे ठेवायचे म्हणून ही गोळी चुकवण्याची चूक सर्रास होते, ती होऊ द्यायची नव्हती. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची रोजची ५ मिलिग्रॅमची गोळी तीन वर्षे चालू असल्याने शरीरातले स्वतःचे स्टेरॉइड बनवणारी अधिवृक्क ग्रंथी शस्त्रक्रियेच्या ताणाला पुरी पडणार नाही हे गृहीत धरून भूल देताना हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिले.

दुर्बीण आत नेण्याची नेहमीची जागा डाव्या बरगडीखाली असते, पण तिथे वाढलेली प्लीहा होती. म्हणून त्याच्या खाली, डाव्या कुशीत, डोळ्यांसमोर एकेक थर उघडून पहिली नळी घातली. आत नीट दिसावे म्हणून पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात, त्याचा दाब १० मिमी पाऱ्याच्या वर नेला नाही. दाब जितका अधिक तितका यकृताकडे आणि मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी, आणि या गृहस्थांकडे दोन्हीपैकी कशातही सूट द्यायला जागा नव्हती.

आत दिसले ते अपेक्षेपेक्षा सौम्य होते. आतड्यांवरचा चरबीचा पडदा पिशवीत शिरून चिकटला होता, पण बहुतेक चिकटपणा कोळ्याच्या जाळ्यासारखा विरळ होता. स्टेरॉइडवर असलेल्या रुग्णांत असे अनेकदा आढळते. जी प्रवृत्ती जखम भरू देत नाही, तीच आतले चिकटणेही कमी ठेवत असावी. अपवाद होता लहान आतड्याच्या एका वेढ्याचा. तो भोकाच्या काठाला घट्ट बिलगला होता. अशा ठिकाणी विजेवर चालणारे हत्यार मी वापरत नाही, कारण त्याने भाजलेला आतड्याचा ठिपका त्या दिवशी पांढरा दिसतो आणि चौथ्या दिवशी फुटतो. साध्या कात्रीने, प्रत्येक धागा ताणून, पलीकडचे दिसल्यावरच कापत तो वेढा सोडवायला ५० मिनिटे लागली. शेवटच्या टप्प्यात आतड्याच्या बाहेरच्या आवरणाला सुमारे एक सेंमीची चीर गेली. आतली पोकळी उघडली नव्हती. चीर दोन टाक्यांनी शिवली आणि पाच मिनिटे थांबून पुन्हा पाहिली. पोकळी उघडली असती तर आतडे शिवून, जाळी न लावताच बाहेर यायचे, हे आधीच ठरले होते आणि नातेवाइकांनाही तसे सांगून ठेवले होते.

सगळे सुटल्यावर छेदाची पूर्ण रेषा आतून दिसली आणि तिच्या आडव्या भागावर, मुख्य भोकापासून ३ सेंमी अंतरावर, आणखी एक २ सेंमीचे भोक आढळले. स्कॅनमध्ये ते उमटले नव्हते. मोठा छेद न घेता फक्त फुगवट्यावर कापून दुरुस्ती केली असती तर हे दुसरे भोक तसेच राहिले असते आणि वर्षभराने 'हर्निया परत आला' असे म्हटले गेले असते.

दाब ८ पर्यंत उतरवून दोन्ही भोके आतून टाक्यांनी जुळवली. त्यावर २५ बाय २० सेंमीची, आतड्यांकडच्या बाजूला चिकटपणा रोखणारा थर असलेली जाळी सर्व बाजूंनी किमान ५ सेंमी पसरेल अशी लावली. वरचा काठ हीच खरी परीक्षा होती. जाळीचा वरचा भाग बरगडीच्या आत, यकृत आणि श्वासपटल यांच्या मध्ये जातो. तिथे टॅकर, म्हणजे जाळी पोटाच्या भिंतीला टाचणारा बारीक खिळा, मारायचा नाही, हा नियम मी कधीही मोडत नाही. श्वासपटलापलीकडे हृदय आहे आणि टॅकर हृदयाच्या आवरणात घुसून रुग्ण दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून बरगडीच्या कडेलगत स्नायूंमधून टाके घेऊन जाळी टांगली, वरचा काठ मोकळा सोडला, तो खालून यकृतच दाबून धरते, आणि टॅकर फक्त बरगडीच्या खाली मारले.

दुसऱ्या रात्री परिचारिकेने फोन केला. नाडी १०८, ताप नाही, पोट थोडे फुगलेले, रुग्ण म्हणतो मी बरा आहे. एरवी अशा फोनवर सकाळपर्यंत थांबता येते. या रुग्णात थांबता येत नाही. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाचे आतडे गळू लागले तरी अनेकदा ताप येत नाही, पांढऱ्या पेशी वाढत नाहीत, पोट लाकडासारखे कडक होत नाही. ज्या खुणांवर आम्ही आयुष्यभर भिस्त ठेवतो त्या सगळ्या औषधांनी मुक्या केलेल्या असतात. उरते ती नाडी. माझ्या डोळ्यांसमोर ती दोन टाक्यांची चीर होती. पांढऱ्या पेशी ६,२०० आल्या, त्यावर मी विसंबलो नाही. पहाटे तोंडावाटे रंगद्रव्य देऊन सीटी स्कॅन केला. गळती नव्हती, मोकळी हवा शस्त्रक्रियेनंतर असते तेवढीच होती. आतडी मंदावली होती आणि शरीरात पाणी कमी पडले होते. क्रिएटिनिन १.८ आणि टॅक्रोलिमसची पातळी ११.६ झाली होती. शिरेतून पाणी दिले, टॅक्रोलिमसचा डोस कमी केला, वेदनेसाठी पॅरासिटामॉल आणि पोटाच्या भिंतीतील नसा बधिर करणारे इंजेक्शन एवढ्यावरच भागवले. चौथ्या दिवशी आतडी चालू लागली, नाडी ८४ वर आली. ते सहाव्या दिवशी घरी गेले. दुसऱ्या दिवशी घरी, अशा जाहिराती वाचून आलेल्या त्यांच्या पुतण्याला हे कमीपणाचे वाटले. मला ते तसे वाटले नाही.

तिसऱ्या आठवड्यात दोघे घाबरून परत आले. जुन्या जागी पुन्हा गोळा आला होता. हात ठेवल्यावर तो खोकल्याने पुढे येत नव्हता आणि सोनोग्राफीत जाळीच्या वर नुसते पाणी साठलेले दिसले. रिकाम्या झालेल्या पिशवीत असे पाणी जमतेच. सुई घालून ते काढा असा त्यांचा आग्रह होता आणि तो समजण्यासारखा होता, परंतु स्वच्छ पाण्यात सुईबरोबर जंतू नेऊन सोडण्याचा धोका जाळीच्या इतक्या जवळ घ्यायचा नव्हता. पट्टा बांधून थांबायला सांगितले. दहा आठवड्यांत पाणी आपोआप जिरले आणि त्यानंतरच एव्हरोलिमस पुन्हा सुरू करून टॅक्रोलिमस खाली आणले.

हेच गणित प्रत्येक अवयवाला जसेच्या तसे लागू पडत नाही, हे इथेच नोंदवतो. मूत्रपिंड प्रत्यारोपणात नवे मूत्रपिंड जांघेच्या वर, पोटाच्या पडद्याबाहेर बसवलेले असते, म्हणजे जांघेच्या हर्नियासाठी दुर्बिणीला जी जागा लागते नेमकी तीच त्याने व्यापलेली असते. नव्या मूत्रवाहिनीचा वेढा कधी कधी हर्नियाच्या पिशवीतही सापडतो. त्याच बाजूचा जांघेतला हर्निया असेल तर मी बाहेरून, उघड्या पद्धतीनेच जाळी लावतो. तिथे दुर्बिणीचा हट्ट रुग्णाच्या मूत्रपिंडाला महागात पडू शकतो.

या गृहस्थांच्या शस्त्रक्रियेला आता दीड वर्ष झाले आहे. सीटी स्कॅनमध्ये जाळी जागेवर आहे, दोन्ही भोके बंद आहेत, क्रिएटिनिन १.४ आहे. गिरणी ते पुन्हा चालवतात, पोती मात्र मुलगाच उचलतो. शेवटच्या भेटीत पत्नींनी आपला पहिला प्रश्न पुन्हा काढला आणि मी तो याच क्रमाने उलगडून सांगितला : अल्ब्युमिन, अकरावा दिवस, स्टेरॉइड, एव्हरोलिमस, वजन. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे ह्यांचा टाका कच्चा नव्हता तर." नव्हता. त्यांच्या फाइलमध्ये मी एक हाताने काढलेली आकृती लावून दिली आहे : जाळी कुठून कुठवर आहे, टॅकर कुठे आहेत, कोणता काठ मोकळा आहे आणि आतड्याचा कोणता वेढा शिवलेला आहे. तिची एक प्रत प्रत्यारोपण केंद्राला पाठवली आहे. हे पोट पुन्हा कोणाला उघडावे लागलेच, तर त्याच्या हातात ती आधी पडावी.